प्रेमलाकाकूंच्या हातचं कुंकू

“प्रेमलाला वर बोलाव,” शरदिनीबाई म्हणाल्या.

पत्री निवडता निवडता कस्तुरीचा हात थांबला. “खालच्या प्रेमलाकाकूंना? आज, मंगळागौरीला?”

“दुसरी कोण प्रेमला आहे ह्या गल्लीत?”

सासूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवरच्या सईला थोपटत होत्या. सई तर टक्क जागी होती.

कस्तुरीची लग्नानंतरची ही तिसरी मंगळागौर. काशीच्या ह्या गल्लीतला हिंदी सावन निम्मा सरला की मग ह्या मराठी घराचा श्रावण लागायचा, आणि दर श्रावणात ह्याच एका गोष्टीवरून सासूसुनेचं वाजायचं. प्रेमलाकाकू विधवा. जिन्यात त्या समोर आल्या की शरदिनीबाई परत वर यायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, मगच बाहेर पडायच्या. कस्तुरीने भांडून पाहिलं, रुसून पाहिलं.

“नवरा आजाराने गेला, आई. त्यात त्यांचा काय दोष?”

“दोष कोण म्हणतंय? शुभकार्यात नको, एवढंच.”

हळदीकुंकवाच्या दिवशी काकू आपणहून खिडकी लावून घ्यायच्या.

मागच्या आठवड्यात सई तापाने फणफणली होती. जागरणाने कस्तुरीला भोवळ यायला लागली तेव्हा ह्याच काकू वर आल्या आणि पोरीला खांद्यावर टाकून दिवसभर फेऱ्या घालत राहिल्या. सासूबाई दारातून नुसत्या बघत होत्या. तिथेच काहीतरी हललं असणार, कस्तुरीला वाटलं. तिच्या भांडणाने जे झालं नाही, ते लेकीच्या तापाने केलं.

नवऱ्याला, सुश्रुतला, हे कधी एकदा सांगते असं तिला झालं. तो बँकेच्या कामाला रॉबर्ट्सगंजला गेला होता, आज दुपारपर्यंत यायचा होता.

“आई, माझा फोन?”

“तांदळाच्या डब्यात. पूजा होईपर्यंत मिळायचा नाही.”

“तुम्ही पण ना!” कस्तुरी हसली. “आणि बाबा कुठे गेले, चहासुद्धा न घेता?”

“येतील. काम निघालं.” शरदिनीबाईंनी सईचं झबलं सारखं केलं. “आज ती जांभळी नेस गं. सुश्रुतने आणलेली.”

पूजा कस्तुरीने एकटीनेच मांडली. मनगट धरलंय म्हणून सासूबाईंनी कशाला हात लावला नाही. एरवी पत्रीतलं एक पान कमी पडलं तरी त्यांचा आवाज मंगला गौरीच्या देवळापर्यंत जायचा. आज त्या एका बाजूला बसून सुनेकडे बघत होत्या.

बायका जमल्या. प्रेमलाकाकू उंबऱ्यापाशीच घुटमळल्या. “वहिनी, मी इथूनच नमस्कार करते.”

“आत ये.” शरदिनीबाईंनी कुंकवाचा करंडा उचलून त्यांच्या हातात दिला. “सगळ्यांना तू लावायचंस. आधी कस्तुरीला.”

शेजारच्या मृणालिनीकाकूंनी ओठ मुडपले. “अहो शरदिनीवहिनी, हे काय नवीन? इतकी वर्षं आम्हाला नियम शिकवलेत, आणि आज सूनबाईंनी तुम्हालाच पढवलं वाटतं!”

“पढवलं. मी उशिरा शिकले.”

“पण सवाष्णींची पूजा ही. उद्या कुणाच्या घरी काही बरंवाईट—”

“जे व्हायचं ते माझ्या घरावर येऊ दे.”

प्रेमलाकाकूंनी करंडा उघडला. कस्तुरीने कपाळ पुढे केलं. कुंकू जरा वाकडंच लागलं. मग एकेक जण पुढे आली. मृणालिनीकाकू सगळ्यांत शेवटी आल्या, डोळे घट्ट मिटून.

शरदिनीबाईंनी प्रत्येकीचं कपाळ नीट पाहून घेतलं. “आज हिच्या हातचं घेतलंत. ह्यापुढे ह्या घरातल्या कुणाच्याही हातच्या कुंकवाला नाही म्हणायचं नाही. देवीसमोर बोला.”

“बोललो बाई!” एक तरुण सून खिदळली. “मान गए, चाची!”

जेवताना सासूबाईंनी कस्तुरीला बळेच आणखी एक पुरणपोळी वाढली. “खाऊन घे, पोरी.” स्वतःच्या ताटाला मात्र त्यांनी बोट लावलं नाही.

बायका गेल्या. प्रेमलाकाकू डोळे पुसत भांडी आवरायला लागल्या. कस्तुरीने सासूबाईंच्या गळ्यात हात टाकले. “बघा, आई! झालं का काही वाईट?”

शरदिनीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

जिन्यावर पावलं वाजली.

“सई, आले गं तुझे बाबा!” लेकीला कडेवर घेऊन कस्तुरी दाराकडे धावली.

दारात सासरे उभे होते. एका हातात सुश्रुतची बॅग, दुसऱ्यात त्याचं फुटलेलं घड्याळ. त्यांच्यामागे, मान खाली घालून, त्याच्या बँकेतले दोघे.

मागून येऊन शरदिनीबाईंनी करंडा सुनेच्या मुठीत दाबला आणि ती मूठ दोन्ही हातांनी मिटून धरली.

“मला पहाटेच कळलं होतं गं,” त्या म्हणाल्या. “तुझं कपाळ पुसायला कुणी आलं तर पुसू देऊ नकोस. मी आले तरी.”