उभ्या गाडीचं तेल

"बाई, गाडी पळाली नाही म्हणून तेल ताजं राहत नाही," गाडीखालून मिस्त्री म्हणाला. "किलोमीटर कमी झाले तरी दिवस जातातच ना! इंजिनाचं तेल वर्षातून एकदा बदलायलाच हवं. ब्रेकचं दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी ओढून घेतं."

"अहो, मला काय कळतंय त्यातलं? हे सगळं आमचे मिस्टर बघायचे."

'बघायचे' ऐकून मिस्त्रीला वाईट वाटलं. एकटं बाईमाणूस, उगाच खर्चात पाडायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

गाडी जुनी, पण धावली होती जेमतेम. तिचं बॉनेट डावीकडून जरा उचललं तरच उघडायचं. त्याच्या हाताला ते न सांगताच कळलं होतं. आता तळाचा आडमुठा नट एकदाचा सुटला आणि तेल टबात पडू लागलं. छान मधासारखं, काळेपणाचा मागमूस नाही.

"हे तर नवंकोरं आहे! राहू द्या हेच."

"नको, बदलाच," बाई घाईघाईने म्हणाल्या. "मुलगी म्हणते, विकून टाक, नुसती जागा अडवून बसलीय. पण तुम्ही असे कामाला लागलात ना, की मला फार बरं वाटतं."

"विकूबिकू नका हं!" मिस्त्रीने दम भरला. "इंजिन ठणठणीत आहे. उभं राहून जरा आळसावलंय, एवढंच."

डब्यातलं तेल इंजिनात ओतताना तो शीळ घालू लागला. बाई स्टुलावर बसून एकटक बघत होत्या. गिऱ्हाईक भलतंच चौकस दिसतंय, त्याला वाटलं.

काम उरकलं. "हात धुऊन घ्या, जेवायला वाढते," बाई म्हणाल्या.

मिस्त्री अवघडला. "नको हो. घरी बायको वाट बघत असेल. मी गेल्याशिवाय जेवत नाही ती."

"बघतेय," बाई म्हणाल्या. "तरी दोन घास खाऊन घ्या."

तो नळाकडे वळला. बाईंनी टबातलं तेल फडक्यातून गाळून त्याच रिकाम्या डब्यात ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि पुढच्या रविवारसाठी डबा फळीवर ठेवून दिला.

मुलगी दारातून डोकावली. "आई, आज ओळखलं का गं बाबांनी?"

"गाडीला ओळखलं," बाई म्हणाल्या. "विकायचं नाव काढू नकोस."