खालच्या मजल्याला निरोप

"थांबा हं, तिलाच विचारून सांगतो," म्हातारा म्हणाला आणि त्यानं फोन तोंडापासून लांब धरला.

हेल्पलाइनवरची बाई थांबली. आरोग्य विम्याच्या त्या खुर्चीत थांबता येणं हे अर्धं काम होतं आणि ते तिला छान जमायचं. नव्या मुलींना शिकवताना मॅडम तिचेच कॉल ऐकवायच्या. आत्ता समोरच्या स्क्रीनवर नवरा-बायको, दोघांचीच पॉलिसी उघडी होती. मुलांचा रकाना कोरा. बायकोला दवाखान्यात हलवायचं होतं, तर आधी मंजुरी घेतलेली बरी म्हणून म्हाताऱ्यानं भरदुपारी फोन लावला होता.

"अगं, ताप कधीपासून आहे म्हणून सांगू?" पलीकडून त्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसती पंख्याची करकर. मग तो परत फोनवर आला. "परवापासून म्हणतेय."

"आधी कधी ऑपरेशन झालंय का काकूंचं?"

"ऑपरेशनचं विचारताहेत गं." पुन्हा करकर. "पित्ताशयाचं झालंय म्हणते. मी साफ विसरलो होतो बघा. तिच्या बरं लक्षात राहतं सगळं."

टाइप करता करता तिची बोटं थांबली. दोन्ही वेळा उत्तर आलं होतं, पण दुसरा आवाज एकदाही आला नव्हता. पुटपुटणं नाही, कण्हणं नाही, कूस बदलल्याचीसुद्धा चाहूल नाही.

"काका, श्वासाला त्रास होतोय का त्यांना?"

"सकाळी होत होता. आता नाही. आता अगदी शांत पडलीय. हात तेवढे गार लागतात, म्हणून आणखी एक पांघरूण घातलंय."

हात उंचावून तिनं मॅडमना बोलावलं आणि कागदावर 'अँब्युलन्स' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. आवाज मात्र तसाच ठेवला.

"मी गाडी पाठवतेय, काका. घरात आणखी कुणी आहे का?"

"आम्ही दोघं आहोत की," तो समाधानानं म्हणाला. "गाडी कशाला पण? ती ऐकायची नाही. तुम्हीच समजावा तिला. परक्या माणसाचं पटतं तिला. थांबा, फोन कानाला लावतो तिच्या."

"काका, नको, ऐका—"

पण पंख्याची करकर एकदम दूर गेली आणि कानात शांतता भरली. रिकाम्या लाइनची शांतता ती रोज ऐकायची. ही तशी नव्हती. अगदी जवळ, उशीवर कुणीतरी कान देऊन पडलेलं असावं, तशी ही शांतता होती.

"काकू," ती म्हणाली. रडणाऱ्यांना, शिव्या देणाऱ्यांना, सगळ्यांना तिनं आजवर धीर दिला होता, पण ती माणसं काहीतरी बोलायची. "काकू, काळजी करू नका. काकांजवळ कुणी येईपर्यंत मी फोन ठेवणार नाही."

आणि सवयीनं ती उत्तरासाठी थांबली. अँब्युलन्सचं सांगून परतलेल्या मॅडमनी तोवर दुसरा हेडफोन लावला होता. त्याही ऐकत होत्या.

"काय म्हणाली?" म्हाताऱ्यानं विचारलं.

शेजारच्यांना बोलवा, एवढंच तिला सांगायचं होतं. खोटं खोटंच, पण कुणीतरी आत यायला हवं होतं.

"खालच्यांना वर बोलवा म्हणाल्या."

शब्द तिच्याच तोंडून निघाले आणि तीच दचकली.

"खालच्यांना?" म्हाताऱ्यानं विचारलं. "ती म्हणाली असं? जिन्यात गाठ पडली तरी तोंड फिरवायची हो. मी किती विनवलं, पण हट्ट काही सोडला नाही." त्याचा आवाज कापत होता. "आता म्हणाली ना? मग आणतो. लगेच आणतो."

फोन तसाच उशीवर ठेवून तो निघाला. चपला घासत गेल्या, कडी वाजली.

"खाली कुणी आहे हे तुला कसं ठाऊक?" मॅडमनी हळूच विचारलं.

"मला शेजारच्यांना म्हणायचं होतं."

"मीपण ऐकत होते गं. काहीच आलं नाही तिकडून."

जिन्यावरून कुणीतरी धावत वर आलं. "आई," एवढंच एका बाईच्या आवाजात ऐकू आलं. इकडे त्या दोघी तशाच बसून राहिल्या. शेवटी फोन उचलला गेला.

"विम्याच्या ऑफिसातून बोलताय ना?" आवाज कोरडा ठणठणीत होता. "आई गेलीय. सकाळीच गेली असणार, अंग ताठ झालंय. आणि बाबा म्हणतात, मला बोलवायला तिनं आत्ता तुमच्याजवळ निरोप दिला."

"हो... म्हणजे, ताई—"

"मला खोटा धीर नकोय. एवढंच सांगा. माझं नाव घेतलं का तिनं?"

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. मुलांचा रकाना कोराच होता. आता खरं सांगून टाकायचं, माफी मागायची, असं ठरवून तिनं तोंड उघडलं.

"ढब्बू," ती म्हणाली. "ढब्बूला वर बोलवा, म्हणाल्या."

मॅडमनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

पलीकडून उत्तर आलं, अगदी लहान मुलीच्या आवाजात, आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

"आले गं."