मंगरू शाळेत जातो

"मंगरू? शाळेत जाते जी," त्याची आई रुख्मा म्हणाली. "मास्तरच्याच घरी राहते, अभ्यासाले. कायले विचारता?"

"सहजच. आम्ही शाळेतल्या मुलांची माहिती घेतोय," असं म्हणून शकुंतलेनं उत्तर लिहून घेतलं.

नागपूरच्या शिक्षक ट्रेनिंग कॉलेजातले बी.टी.चे विद्यार्थी, त्यांत शकुंतलाही, बिसेन सरांबरोबर आमगावजवळच्या या खेड्यात उतरले होते. मुलं शाळा का सोडतात, याचा शोध कसा घ्यायचा हे सर त्यांना दारोदार फिरवून शिकवत होते. त्यांचे नियम कडक होते. उत्तर समोरच्याच्या तोंडी घालायचं नाही. आणि एकट्याच्या सांगण्यावर विसंबायचं नाही. आणखी दोघांना वेगवेगळं गाठून विचारायचं.

म्हणून शकुंतला शेजारच्या जमुनाबाईकडे गेली. जमुनाबाई तांदूळ पाखडत बसली होती. सूप थांबवून तिनं एकवार रुख्माच्या दाराकडे पाहिलं.

"मंगरू ना? जाते ना शाळेत. रोज जाते."

तिसरे खुशाल मास्तर. गावच्या शाळेचे एकटेच शिक्षक, केस पांढरे झालेले. "हुशार पोरगा आहे," ते म्हणाले. "हिशेबात तर फारच पक्का."

तिघांचं एकमत झालं. नियमाप्रमाणे शकुंतलेचं काम संपलं होतं. तरी पोरगा एकदा पाहावा म्हणून दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊन मागे बसली. मास्तर हजेरी घेत होते. नाव घेतलं की मूल उठून 'हजर' म्हणायचं. "मंगरू," मास्तर म्हणाले. कोणीच उठलं नाही. मास्तर जरा थांबले आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं. एकाही पोरानं मान वळवून पाहिलं नाही.

मुलं घरी गेल्यावर तिनं विचारलं, "गुरुजी, मंगरू कुठे आहे?"

मास्तर फळा पुसत राहिले. फळा कधीच कोरा झाला होता.

"दोन सालांमागं गावात पटकीची साथ आली, बाई. माझी घरवाली गेली. त्याच आठवड्यात मंगरू गेला. रुख्मा तेव्हा तापात बेशुद्ध होती. डोळे उघडले तेव्हा उशाशी मी होतो. तिनं विचारलं, 'पोरगा शाळेत गेला का जी?' अन् माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं."

ते बाकावर बसले.

"मग सारा गाव तेच म्हणू लागला. पोरगा माझ्याकडे राहतो, असं सांगितलं, तेही तिनं मानलं. एकदाही बघायला आली नाही. डोकं फिरलं बिचारीचं. मी रोज सांजेला तिच्याकडे जातो अन् आज पोरगा काय शिकला ते सांगतो. तेवढ्यावर जगून राहिली ती."

शकुंतला मुक्कामी परतली, पण तिला जेवण जाईना. हे सगळे कागद शेवटी शाळा तपासणाऱ्या डिप्टी साहेबांकडे जाणार होते. मेलेल्या पोराचं नाव अजून हजेरीत पुकारलं जातं हे कळलं, तर मास्तरांची नोकरी जाणार. आणि चौकशी गावात आली, की रुख्माला सारं कळणार. अखेर तिनं बिसेन सरांना सांगून टाकलं.

सरांनी तिच्या हातातला कागद घेऊन वाचला. मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "चला. मी स्वतः विचारतो."

"सर, तिला काही कळू देऊ नका," शकुंतला वाटभर विनवत होती. सर नुसते चालत होते.

रुख्मानं खाट टाकली, पाणी दिलं. सरांनी पेला तसाच हातात धरला. प्रश्नात एक शब्द चुकला तरी विद्यार्थ्यांवर कडाडणारा तो माणूस घसा खाकरून म्हणाला, "बाई, मंगरू शाळेत जातो. अभ्यासही बरा चाललाय. हो ना?"

"हो जी."

"मग झालं." सर उठले. अंगणात येऊन ते शकुंतलेला हळूच म्हणाले, "या घराचा कागद फाडून टाका. शाळेतही तुम्ही गेला नव्हता. या दाराशी आपण आलोच नाही." आणि मागे न बघता ते वाटेला लागले.

शकुंतला चपला घालायला वाकली, तशी रुख्मानं तिचं मनगट धरलं.

"मास्तरनं सांगतलं ना तुमाले?"

शकुंतलेचे डोळे भरून आले.

"रडू नोका, बाई. मले तं पहिल्याच दिवशी समजलं होतं, मास्तरचं तोंड पाहून." रुख्माचा आवाज शांत होता. "पन मले समजलं हे त्याईले सांगू नोका. बायको गेल्यापासून मास्तर जेवतच नोहोते. आता पोराच्या गोष्टी सांगाले रोज येतेत, अन् दोन घास खाऊन जातेत."