दुपारचा शंख

शाळेसमोरच्या रस्त्यावर पांढरे पट्टे मारले, ते पुसट झाले, पुन्हा मारले. पाटी लावली. गाडी काही कुणी थांबवेना. म्हाताऱ्या सिनापातीच्या नातवाचा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे.

आमच्या सामोआतल्या या गावात गाडी थांबते ती एकाच गोष्टीला. संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की जो जिथे असेल तिथेच थांबतो. मग ती बस असो, नाहीतर गावप्रमुखांची गाडी.

मंगळवारी शंख भर दुपारी वाजला. गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, ड्रायव्हरांनी टोप्या काढून माना खाली घातल्या, आणि शाळेतून सुटलेली पोरं रमतगमत रस्ता ओलांडून गेली.

गावप्रमुख लेमालू लुंगी सावरत धावत आले. सिनापाती शाळेच्या फाटकाशी मांडीवर शंख घेऊन बसली होती.

"अगं ए म्हातारे, डोकं फिरलं का तुझं?"

"ओरडू नका हो. आधीच दम लागलाय. या वयात शंख फुंकायचा म्हणजे काय थट्टा आहे?"

"देवाच्या नावानं गावाला फसवतेस? ही काय प्रार्थनेची वेळ आहे?"

सिनापातीनं तळहातानं घाम पुसला. रस्त्यापलीकडचं शेवटचं पोर वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली.

"लेमालू, शाळा सुटल्यापासून पोर दारात दिसेपर्यंत घराघरातली बाई दुसरं काय करत असते?"