अपुऱ्या सिंफनीची शेवटची ओळ

व्हिएन्नात संगीतकार इग्नाझची अपुरी सिंफनी वाजे, तेव्हा मरताना त्याची लेखणी जिथे थांबली त्याच स्वरावर वादक थांबत. सारं सभागृह रडे.

पण रोज सकाळी हस्तलिखितात त्याच्याच हातची स्वरांची एक नवी ओळ उमटलेली असे. त्याची विधवा वालबुर्गा ती चाकूने खरवडून काढी.

“बाईसाहेब, पुरी झाली तर रडायला येणार कोण?” प्रकाशक हसे.

“जिवंतपणी जमलं नाही, आता मेल्यावर कसली घाई!” ती म्हणे.

आज कागद कोरा होता. तिने सुटकेचा सुस्कारा सोडला.

“आई, बघ ना, बाबांनी काय लिहिलंय!” धाकट्या रेझीने बाही वर सारली. दंडावर शेवटची ओळ होती, अखेरच्या स्वरासकट.

ओल्या फडक्याने ती निघेना.

“दार लावून ये, बाळा,” चाकू उचलत वालबुर्गा म्हणाली.