पाय पसरायला जागा

"पर्स इथे जवळ ठेवायची नसते. या रांगेत चालत नाही," असं म्हणत नवऱ्याने तिच्या मांडीवरून पर्स उचलली आणि विमानातल्या वरच्या कप्प्यात कोंबली. झाकण आवाज करत बंद झालं. चष्मा आतच राहिला, हे सांगायला तिने तोंड उघडलं. पण तोवर तो बसून पट्टाही लावून मोकळा झाला होता.

ही रांग मिळवणं ही काही साधीसुधी गोष्ट नव्हती. नवरा ताडमाड उंच. कचेरीतले लोक त्याला तोंडावर साहेब आणि पाठीमागे बांबू म्हणत. विमानाचं तिकीट काढायचं म्हटलं की हा माणूस आधी विमानाचा नकाशा उघडून बसे. कुठल्या सीटपुढे भिंत येते, कुठली सीट मागे रेलत नाही, कुठे संडासाचं दार नाकासमोर उघडतं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. मुलांच्या वाढदिवसांची आठवण मात्र तिलाच करून द्यावी लागे. या खेपेला त्याने संकटकाळी उघडायच्या दाराजवळच्या दोन सीटा पटकावल्या होत्या. दाराला लागून ती, मधल्या वाटेच्या बाजूला तो.

"कसं ऐसपैस आहे बघ," तो म्हणाला आणि त्याने पाय आडवे लांब सोडले.

ती चणीने लहान होती. तिचे पाय खाली टेकतच नव्हते. नेहमीच्या सीटवर ती निदान पिशवीवर तरी पाय ठेवायची. इथे पुढे नुसतीच रिकामी जागा. हाताची दांडी वर होत नव्हती, कारण टेबल तिच्यातच दडवलेलं. एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला नवरा, आणि पाय अधांतरी. तिला गुदमरल्यासारखं झालं होतं. खरं तर ते आज सुरू झालं नव्हतं.

महिन्यापूर्वी संध्याकाळी तो म्हणाला होता, "मुलाला कळवलंय, आपण येतोय म्हणून."

"किती दिवस?" तिने विचारलं.

"दिवस कसले? आता कायमचंच."

तिचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. कुणाची विजार आखूड करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं, कुणाच्या लेकीला आईचा लग्नातला झगा बेताचा करून द्यायचा. शेजारची न्हावीण दुपारी चहा घेऊन यायची आणि दोघी जगाची उणीदुणी काढत बसायच्या. दुकान सोडत असल्याचं नवऱ्याने जागेच्या मालकाला परस्पर सांगून टाकलं. शिलाई मशीन अजून तिथेच झाकून ठेवलेलं होतं. मुलाने फोनवर विचारलं होतं, "आईला विचारलंत ना?" तेव्हा ती शेजारीच भाजी चिरत होती. नवरा हसून म्हणाला, "तिला काय विचारायचंय? ती आनंदातच आहे."

तो वाईट माणूस नव्हता. तिला थंडी वाजायच्या आधी तो खिडकी लावायचा. डॉक्टरांसमोर तिचं दुखणं तोच सांगायचा, हॉटेलात तिचा चहा तोच मागवायचा. सुरुवातीला तिला त्यात लाड वाटले होते. आता तिला जायचं नव्हतं, आणि हे एवढंसं वाक्य महिनाभर तिच्या घशात अडकून बसलं होतं. कुणी विचारलं असतं तर कदाचित ते बाहेर पडलं असतं.

एअर होस्टेस त्यांच्यापाशी येऊन वाकली. कोवळीशी मुलगी होती, पण आवाज ठाम होता. "या रांगेतल्या प्रत्येकाला विचारावं लागतं. वेळ आली तर हे दार उघडायला आणि इतरांना बाहेर काढायला तुम्ही मदत कराल?"

"हो, हो. आम्ही दोघंही," नवरा म्हणाला. "नेहमीचंच आहे."

"तुमचं झालं, सर. मॅडमनी स्वतः सांगायला हवं."

"तिचं होच आहे."

"त्यांच्या तोंडून ऐकावं लागतं. नियम आहे तसा."

ती मुलगी वाकूनच थांबली. मागे माणसं सामान ढकलत होती, पण तिची नजर ढळली नाही. आपल्याकडे असं उत्तरासाठी कुणी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते हिला आठवेना.

नवऱ्याने कोपराने ढोसलं. "अगं, हो म्हण की. नाहीतर उठवतील इथून."

"नाही म्हटलं तर चालतं?" तिने त्या मुलीला विचारलं.

"चालतं की. म्हणून तर आम्ही विचारतो."

"मग नाही."

नवरा हसला. "थट्टा करतेय हो ती. जरा घाबरते, पण करेल सगळं."

"मी घाबरले नाही," ती म्हणाली. "मला तिकडे राहायला जायचं नाहीये."

मुलगी गोंधळली. "म्हणजे... मागची एखादी सीट देऊ का?"

"सीट नको. पुढचं दार अजून लागलं नाही ना?"

"नाही. पण उतरलात तर परत चढता येणार नाही. तुमची बॅगही शोधून उतरवावी लागेल. वेळ लागेल."

"अगं, सगळं विमान खोळंबेल!" नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"खोळंबू दे," ती म्हणाली. तिने पट्टा सोडला आणि ती उभी राहिली. "पाय आत घ्या जरा."