काकयंत्र

सकाळपासूनचा हा चौथा दहावा, आणि इथेही काटा चाळीसवर अडून बसला होता. शहरातले कावळे संपल्यापासून पिंडाशेजारी काकयंत्र ठेवायचं आणि गेलेल्याची उरलेली इच्छा शून्यावर येईपर्यंत थांबायचं, हे वैजयंती साठ्यांचं काम. उभं राहून राहून त्यांचे पाय भरून आले होते.

“एकेकानं बोला हो,” त्या वैतागून म्हणाल्या. “सगळे एकदम वचनं देता, मग काटा कशानं हलला ते कळणार कसं?”

“अण्णा, दुकान विकणार नाही,” मुलगा म्हणाला. काटा ढिम्म.

“मी सासूबाईंना नीट सांभाळीन,” सून म्हणाली. काटा पंचेचाळीसवर गेला.

“यंत्र बिघडलंय,” सून पुटपुटली.

“कालच तपासलंय,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेली अण्णांची बायको डोळे न उघडताच म्हणाली, “अहो, गॅस बंद केलाय. दोनदा बघितलाय. जा आता.”

काटा सरसर शून्यावर आला. सगळ्यांनी हात जोडले. वैजयंतीबाई यंत्र बंद करणार, तोच म्हातारी स्वतःशीच म्हणाली, “आता रोज मला कोण विचारणार?”

काटा थरथरला आणि पुन्हा चढू लागला. दहा. तीस. साठ.

वैजयंतीबाईंनी यंत्रावर पदर टाकला आणि अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच खोटं सांगितलं, “शिवला. चला, आंघोळी उरका.”